शायॅन भाषेचं अल्गॉन्क्वियन गोत्र स्वतः कसं तपासायचं (मालवणी येत असेल तर अजून सोप्पं)

शायॅन ही उत्तर अमेरिकेतल्या मूळ रहिवाशांची, अल्गॉन्क्वियन कुटुंबातली भाषा आहे हे वाक्य सगळीकडे मिळतं आणि आपण ते वाचून पुढे सरकतो. पण कोणी विचारलं की कशावरून, तर काय सांगणार? बाईला शायॅनमध्ये म्हणतात हे'ए आणि त्याच कुटुंबातल्या क्री भाषेत म्हणतात इस्क्वेव, आता या दोघी बहिणी आहेत हे ऐकून कोणालाही हसूच येईल. (हे'ए मधली ती टिंबासारखी खूण म्हणजे घशात झटकन अडकणारा आवाज, तो नीट व्यंजन धरायचा, पुढे लागेल.) तर हे नातं वही-पेन घेऊन घरबसल्या कसं तपासायचं ते इथे सांगतो. पावसात लाईट गेलेली असताना करायला एकदम भारी उद्योग आहे, इंटरनेट फक्त शब्द उतरवून घेईपर्यंत लागतं.

आधी थोडा नकाशा डोक्यात घ्या. अल्गॉन्क्वियन भाषा अमेरिका-कॅनडाच्या अटलांटिक किनाऱ्यापासून थेट रॉकी पर्वतापर्यंत पसरलेल्या होत्या, साधारण तीसेक भाषा. क्री, ओजिब्वे, मेस्क्वाकी, मेनॉमिनी, लेनापे, मिकमॅक, अरापाहो, ब्लॅकफूट ही त्यातली नावं. शायॅन बोलणारे आज दोन ठिकाणी आहेत, एक माँटाना राज्यात लेम डियर गावाच्या आसपास आणि दुसरे खाली ओक्लाहोमात, तिथे ते अरापाहो लोकांबरोबर एकाच टोळी-सरकारात आहेत.

पहिलं काम म्हणजे डोळा तयार करणं, आणि ते आपल्याच भाषेवर करायचं. मराठीत शेत, हिंदीत खेत. मराठीत माशी, हिंदीत मक्खी. मराठीत कूस, हिंदीत कोख. तीनही ठिकाणी आपला श किंवा स आणि त्यांचा ख समोरासमोर आलाय, आणि मागे संस्कृतात बघितलं तर क्षेत्र, मक्षिका, कुक्षि, म्हणजे तिन्हीकडे क्ष. एकदा जुळलं तर योगायोग म्हणू, पण त्याच जागी तोच फरक परत परत यायला लागला की ते नातं. उलट फारसीतला बद (आपल्या बदनाम मधला) आणि इंग्रजीतला बॅड, अर्थ तोच, आवाज जवळजवळ तोच आणि नातं शून्य. म्हणून शब्द सारखे दिसतात का हा प्रश्नच विचारायचा नाही, फरक नियमाने पडतो का हा विचारायचा. पुढचं सगळं याच एका गोष्टीवर चालतं.

अजून एक उदाहरण मालवणीवाल्यांसाठी. नदीला आपण आणि गोव्याची कोकणी दोघेही न्हंय म्हणतो. मधला द गेला कुठे? गळला. सूचीतला च गळून सुई झाली, पादातला द गळून पाय झाला. दोन स्वरांच्या मधे सापडलेलं व्यंजन झिजून नाहीसं होणं यात नवल काहीच नाही. हे लक्षात असू द्या कारण शायॅनने हाच प्रकार फार जोरात केलाय.

आता वहीत रकाने पाडा. पाच पुरेत, शायॅन, क्री, ओजिब्वे, मेस्क्वाकी आणि लेनापे. शब्द कुठले घ्यायचे यात लोक चुकतात. आकडे, माणूस, बाई, कुत्रा, बघणं, खाणं असले रोजचे आणि जुने शब्द घ्या. घोडा अजिबात नको, कारण घोडे तिकडे स्पॅनिश लोकांबरोबर आले, त्यामुळे घोड्याला प्रत्येकाने आपापलं नाव पाडलं. क्रीमध्ये मिस्तातिम म्हणजे मोठा कुत्रा, ब्लॅकफूटमध्ये एल्क हरीण अधिक कुत्रा असा जोडशब्द, आणि शायॅनच्या घोड्यातही एल्कच आहे. वाचायला मजा येते पण वंशावळीला उपयोग नाही.

दारूचा शब्द तर याहून मोठा चकवा आहे. ओजिब्वेत इश्कोदेवाबू, क्रीत इस्कोतेवापोय, दोन्हीचा अर्थ आग-पाणी, आणि आवाजांचे नियम लावले तर दोन्ही इतके चपखल बसतात की हजारो वर्षांपूर्वीच्या मूळ भाषेत व्हिस्कीला शब्द होता असंच कोणाला वाटेल. तसं काही नव्हतं, गोरे दारू घेऊन आल्यावर एकाने नाव पाडलं आणि शेजाऱ्याने त्याचे दोन्ही तुकडे आपल्या भाषेत करून घेतले. आपल्याकडे आगबोट हा शब्द मराठीत, कोकणीत, गुजरातीत सगळीकडे आहे म्हणून काय यादवांच्या काळी वाफेवरची जहाजं जयगडला लागत होती असं नाही ना. (शायॅनमध्ये दारूला सरळ गोऱ्याचं पाणी अशा अर्थाचा शब्द आहे, म्हणजे ते या भानगडीत पडलेच नाहीत.)

चला, आकडे. दोनला क्रीत नीसो, ओजिब्वेत नीझ, मेस्क्वाकीत नीश्वी, लेनापेत नीशा. शायॅनमध्ये नेशे. तीनला क्रीत निस्तो, ओजिब्वेत निस्वी, मेस्क्वाकीत नेस्वी, लेनापेत नाखा, शायॅनमध्ये ना'हे. चारला नेवो, नीविन, न्येवी, नेवा आणि शायॅनमध्ये नेवे. दोन आणि चार बघून वाटतं की अरे हे तर सोप्पं आहे, पण थांबा, तिथेच नियम शोधायचाय. दोनमध्ये बाकीच्यांकडे ई आहे तिथे शायॅनमध्ये ए आला. तीनमध्ये मेस्क्वाकीच्या नेस्वीत ए आहे तिथे शायॅनमध्ये आ आला. म्हणजे ई चा ए आणि ए चा आ. मग जुन्या आ चं काय झालं असेल?

त्यासाठी कुत्रा घ्या. क्रीत अतिम, मेस्क्वाकीत अनेम्वा, ओजिब्वेत अनिमोश. अभ्यासकांनी यामागचा मूळ शब्द बांधलाय तो *अथेम्वा. पुढचा तारा म्हणजे हा शब्द कुठे लिहिलेला सापडलेला नाही, तुलना करून बांधलाय अशी खूण. आणि यातला थ आपल्या थाळीतला धरू नका, इंग्रजी थिंकमधला धरा. शायॅनमध्ये कुत्र्याला होतमे. आता एकेक अक्षर लावा, सुरुवातीच्या अ चा ओ झाला, थ चा त झाला, ए चा आ झाला (देवनागरीत तो म च्या आधी नुसता अ दिसतो, पण स्वर तोच, शायॅनमध्ये एकूण स्वरच तीन आहेत, आ ए ओ), म तसाच राहिला आणि पुढे ह चिकटला. ह का, तर शायॅनमध्ये स्वराने सुरू होणाऱ्या जुन्या शब्दाला पुढे ह लागतोच.

म्हणजे इ ए झाला, ए आ झाला आणि आ ओ झाला. भरलेल्या एसटीत एकजण सरकला की आख्खी सीट एकेक जागा सरकते ना, तसं. यातली एकच मेख म्हणजे मूळ ए कधी कधी ए च राहतो, खास करून शब्दाच्या सुरुवातीला, त्यामुळे तिथे जरा सांभाळून.

लगेच माणूस लावून बघा. मूळ शब्द *एलेन्यिवा (काहीजण ल च्या जागी र लिहितात), ओजिब्वेत तो झाला इनिनी, मेस्क्वाकीत इनेनिवा, क्रीत इयिनिव, लेनापेत लेनू, आणि शायॅनमध्ये हेतने. पुढे ह लागला, सुरुवातीचा ए राहिला, ल चा त झाला, पुढच्या ए चा आ, न तसाच, शेवटच्या इ चा ए, आणि शेपटीचं वा गळालं. एकही अक्षर उरत नाही ज्याचा हिशोब लागत नाही. मला विचाराल तर आख्ख्या यादीत हा शब्द सगळ्यात सुंदर, कारण नुसत्या कानाने इनिनी आणि हेतने एकत्र आणणारा माणूस जन्माला यायचाय.

शायॅनांची एक प्रसिद्ध योद्ध्यांची संघटना होती, इंग्रजीत तिला डॉग सोल्जर्स म्हणतात. त्यांचं शायॅन नाव होतमेतानेओ'ओ. बघा, होतमे आणि हेतने दोन्ही आत बसलेत, कुत्रा-माणसं. तुमच्या वहीतले दोन शब्द एका झटक्यात.

ल च्या जागी कुणाकडे न, कुणाकडे य, कुणाकडे त हे ऐकून विश्वास बसत नसेल तर एकट्या क्रीकडे बघा. मी या अर्थाचा शब्द मैदानी क्रीत निया, दलदलीकडच्या क्रीत नीना, जंगलातल्या क्रीत नीधा, मूस नदीकडच्या क्रीत नीला आणि अटिकमेकमध्ये नीर. तिथले लोक आपापल्या बोलीची ओळखच या अक्षरावरून सांगतात, ही य बोली, ती न बोली. आपण नाही का खंय ऐकलं की हा मालवणचो आणि कुठं ऐकलं की हा घाटावरचा असं लगेच ठरवतो.

आता गळती. शायॅनमध्ये मूळ भाषेतले साधे प आणि क दोन्ही गळाले. आज शायॅनमध्ये जे प आणि क ऐकू येतात ते बहुतेक जुन्या जोडव्यंजनांतून उरलेले. सुरुवातीची ती बाई आठवते? मूळ *एथ्क्वेवा, क्रीत इस्क्वेव, ओजिब्वेत इक्वे, मेस्क्वाकीत इह्क्वेवा. शायॅनमध्ये पुढे ह लागला, मधला आख्खा जोडव्यंजनांचा गठ्ठा दाबून एक घशातला अडका उरला आणि झालं हे'ए. आणि बघणं हे क्रियापद, ओजिब्वेत वाबम, क्रीत वापम, मूळ *वापम. प काढा, आ चे ओ करा, मिळतं वोओम. शायॅनमध्ये बघण्याचा धातू खरंच वोओम आहे, आणि व इंग्रजी व्ही सारखा.

वोओम म्हणताना पहिला ओ उंच सुरात येतो. मूळ भाषेत स्वर लांब आणि आखूड असे होते, शायॅनमध्ये ती लांबी गेली आणि तिच्या जागी सूर आला, लांब स्वर होता तिथे आवाज चढतो. शिवाय काही स्वर नुसते कुजबुजल्यासारखे सोडतात, लिहिताना त्यावर टिंब देतात. म्हणून रेकॉर्डिंग ऐकलं की शायॅन क्रीपेक्षा एकदम परकी वाटते. शायॅनची वर्णमाला आहे फक्त १४ अक्षरांची, पण त्या १४ अक्षरांवर केवढं झालंय बघा.

सरावाला एक शब्द, दहा. क्रीत मिताताह्त, शायॅनमध्ये माह्तोह्तो. क्रीतला पहिला इ मुळात ए होता एवढं सांगतो, बाकी वर आलेले स्वरांचे नियम लावा, बसतंय.

इथपर्यंत नुसते आवाज झाले. शब्द उसने घेता येतात, पोर्तुगीजांकडून आपण जनेल, पाव, चावी, काजू काय काय घेतलं, पण म्हणून कोणी क्रियापदं पोर्तुगीज पद्धतीने चालवायला लागलं नाही. म्हणून पुढची तपासणी व्याकरणाची करा, ती जास्त खात्रीची.

अल्गॉन्क्वियन भाषांत माझा-तुझा-त्याचा हे शब्दाच्या पुढे चिकटतं. मूळ *ने- म्हणजे मी किंवा माझं, *के- म्हणजे तू किंवा तुझं, *वे- म्हणजे त्याचं. क्रीत नि- आणि कि-, ओजिब्वेत नि- आणि गि-. शायॅनमध्ये मी साठी ना- (ए चा आ, नियमाप्रमाणे) आणि तू साठी ने-. इथे हमखास पाय घसरतो, शायॅनचा ने- बघून वाटतं हाच क्रीचा नि-, पण तो आहे तू! दिसण्यावर गेलात तर माणसंच उलटी होतील.

आता खरी गंमत. मी तुला बघतो आणि तू मला बघतोस ही दोन वाक्यं घ्या. आपण मराठीत बघणाऱ्याला पुढे ठेवतो. अल्गॉन्क्वियनमध्ये बघणारा कोण हे महत्त्वाचं नाही, वाक्यात तू असेल तर पुढे तू च लागणार, मान त्याचा. कोण कोणाकडे बघतंय ते शेपटीवरून कळतं. तू मला बघतोस हे क्रीत किवापमिन, ओजिब्वेत गिवाबम, शायॅनमध्ये नेवोओमे. मी तुला बघतो हे क्रीत किवापमितिन, ओजिब्वेत गिवाबमिन, शायॅनमध्ये नेवोओमात्से. सहाही ठिकाणी पुढे तू आहे. आणि नीट बघा, क्रीचं किवापमिन आणि ओजिब्वेचं गिवाबमिन जवळजवळ जुळे दिसतात आणि अर्थ बरोब्बर उलटे.

मी तुला या अर्थाची मूळ शेपटी *-एथे. क्रीत थ चा त होतो (कुत्र्यात बघितलाच, अतिम) म्हणून तिथे इत, आणि ओजिब्वेत थ चा न होतो (अनिमोश) म्हणून तिथे इन. शायॅनमध्ये ए चा आ, थ चा त, आणि शायॅनमध्ये ए च्या आधी त आला की त्स होतो, म्हणून आत्से. म्हणजे कुत्र्यावरून काढलेला नियम क्रियापदाच्या शेपटीत जाऊन बसला. इतकं आतलं कोणी शेजाऱ्याकडून उसनं घेत नाही.

सजीव-निर्जीव हेही तपासा. आपल्याकडे तो-ती-ते, त्यांच्याकडे नामांचे दोन गट, सजीव आणि निर्जीव, आणि अनेकवचनापासून क्रियापदापर्यंत सगळं त्यावर हलतं. दगड शायॅन, क्री, ओजिब्वे तिघांत सजीव. ओजिब्वेत रास्पबेरी सजीव आणि स्ट्रॉबेरी निर्जीव, तर्क शोधत बसू नका, आपल्याकडे भिंत ती आणि दगड तो का याचा तरी कुठे तर्क आहे. तसंच बाबल्यानं नान्याक सांगितल्यान की त्याची होडी फुटली, आता होडी कोणाची यावर आपण भांडत बसू, पण या भाषांत गोष्टीतल्या दुसऱ्या माणसाला वेगळा प्रत्यय लागतो. ओजिब्वेत इनिनी चं इनिनिवन, शायॅनमध्ये हेतने चं हेतनोहो. भांडण मिटलं.

वंशावळ काढायला बसाल तेव्हा मात्र सावध. पुस्तकांत मैदानी, मध्य आणि पूर्व अल्गॉन्क्वियन असे तीन कप्पे दिसतील आणि शायॅन, अरापाहो, ब्लॅकफूट मैदानी कप्प्यात. यातला फक्त पूर्वेचा कप्पा खऱ्या अर्थाने एका आईच्या पोटचा मानतात, बाकी दोन म्हणजे राहायची जागा. मालवणी, कोळी, बाणकोटी, चित्पावनी सगळ्यांना कोकणातल्या बोली म्हणावं तसंच. अरापाहोचं उदाहरण घ्या, तिथे जुना क गळाला आणि जुन्या प चा क झाला, शायॅनमध्ये प सुद्धा गळाला. दोघं आज ओक्लाहोमात एकत्र नांदतात पण एकमेकांची भाषा ऐकून कळत नाही. भाषाशास्त्रज्ञ ट्रुमन मिशेल्सनने १९१२ सालीच ब्लॅकफूट, शायॅन आणि अरापाहो यांना वेगवेगळ्या फांद्या म्हणून मांडलं होतं. शायॅन मुळात मैदानातले नव्हतेच, आधी मिनेसोटाकडे, मग नॉर्थ डकोटात आज त्यांच्याच नावाने ओळखल्या जाणाऱ्या शायॅन नदीकाठी मातीच्या घरांत शेती करत, आणि घोडे आल्यावर पश्चिमेला. तिकडे शेजारच्या लाकोटा लोकांशी त्यांची दोस्ती इतकी घट्ट की लोक भाषाही एकच समजतात, पण लाकोटा सूअन कुटुंबातली, रक्ताचं काहीच नाही. आपण कानडीकडून अण्णा-अक्का घेतले तरी मराठी द्राविडी झाली नाही.

या पद्धतीवर विश्वास का ठेवायचा, याला भाषाशास्त्रज्ञ लेनर्ड ब्लूमफील्डचा किस्सा पुरेसा आहे. मूळ अल्गॉन्क्वियनचे आवाज बांधताना १९२५ मध्ये लाल या अर्थाच्या शब्दासाठी त्याला एक वेगळं जोडव्यंजन धरावं लागलं, कारण ज्ञात भाषांतल्या कुठल्याच नेहमीच्या जोडीत ते बसेना. पुरावा एवढाच, की नियम मोडायचा नाही. पुढे मॅनिटोबातल्या एका क्री बोलीत नेमक्या त्याच शब्दात खरंच वेगळं जोडव्यंजन सापडलं, आणि १९२८ मध्ये त्याने ते छापलं.

शब्द कुठून आणायचे? ओजिब्वेचा ओजिब्वे पीपल्स डिक्शनरी हा ऑनलाईन कोश मिनेसोटा विद्यापीठाचा आहे, बोलणाऱ्यांचे आवाज आहेत. शायॅनसाठी लेम डियरच्या चीफ डल नाइफ कॉलेजचा ऑनलाईन कोश बघा. रोडोल्फ पेटर या स्विस मेनोनाइट मिशनऱ्याचा १९१३ ते १५ मधला जुना जाडजूड कोशही स्कॅन केलेला मिळतो, पण त्याची लिहायची पद्धत आजच्यापेक्षा वेगळी आहे, त्यामुळे दोन्ही एकाच रकान्यात मिसळू नका, नाहीतर नसलेले नियम दिसायला लागतील. शब्द उतरवताना सुराची खूण आणि घशातला अडका गाळू नका, तो अडका म्हणजे बऱ्याचदा गेलेल्या व्यंजनाची उरलेली जागा असते.

आणि एवढं करून हात शिवशिवत असतील तर पार कॅलिफोर्नियाच्या किनाऱ्यावर जा, तिथे युरोक आणि वियोट नावाच्या दोन भाषा आहेत. भाषाशास्त्रज्ञ एडवर्ड सपीरने १९१३ मध्ये म्हटलं की या अल्गॉन्क्वियनच्या लांबच्या चुलत बहिणी आहेत, मिशेल्सन त्याच्यावर तुटून पडला, आणि १९५८ मध्ये मेरी हासने मांडणी केल्यावर वाद मिटत गेला. युरोकमध्ये माझं-तुझं-त्याचं याला ने-, के-, वे- च्या जवळचेच उपसर्ग आहेत. वहीत सहावा रकाना पाडा आणि तिथून सुरुवात करा, पण या वेळी नियम जास्त लागतील आणि जुळणारे शब्द फार कमी मिळतील.